लहान मूल बोलत नाही, म्हणून ते विसरलेलं नसतं

जुन्या इमारतीचा मजला खाली येतो, वस्तीत सिलिंडरचा स्फोट होतो, रस्ता ओलांडताना आईला गाडीची धडक बसते. घरातली मोठी माणसं हादरतात, एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात, हॉस्पिटलच्या आणि पोलीस ठाण्याच्या खेपा सुरू होतात. या सगळ्यात तीन-चार वर्षांचं मूल कोणाच्या तरी कडेवर असतं. त्याच्याकडे बघून शेजारची एखादी मावशी म्हणते, "बरं आहे बाई, लहान आहे. त्याला काय कळतंय? विसरेल तो."

हे मायेनं म्हटलेलं असतं, पण खरं नसतं. या एका समजुतीपायी कितीतरी मुलांना वेळेवर मदत मिळत नाही. भयंकर प्रसंगातून गेलेल्या सहा वर्षांखालच्या मुलालाही पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी, होऊ शकतो. मराठीत त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. मोठं माणूस निदान सांगू तरी शकतं की मला रात्री तेच दिसतं, त्या रस्त्यानं जायला नको वाटतं. एवढ्या लहान मुलाकडे हे सांगायला शब्द नसतात. त्याचं सगळं खेळण्यात, झोपेत, पोटदुखीत आणि हट्टात उतरतं, आणि ते ओळखायचं काम आपल्यावर येतं.

लहान मुलांना कळत नाही असं एकेकाळी डॉक्टरही मानत. पीटीएसडी हे निदान अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत पहिल्यांदा आलं १९८० साली, आणि तेव्हा डोळ्यांसमोर होते ते प्रामुख्यानं व्हिएतनाम युद्धाहून परतलेले सैनिक. मुलांच्या बाबतीत डोळे उघडले ते एका वेगळ्या घटनेनं. जुलै १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावाजवळ २६ मुलांना घेऊन निघालेली शाळेची बस हत्यारबंद माणसांनी पळवली. ड्रायव्हर आणि मुलं यांना एका दगडाच्या खाणीत, जमिनीखाली पुरलेल्या मालट्रकच्या खोक्यात कोंडलं. ड्रायव्हरनं आणि मोठ्या मुलांनी वाट काढली आणि सगळे जिवंत घरी परतले. कोणाला मोठी जखम नव्हती. गावाला वाटलं, सुटलो एकदाचे. लेनोर टेर या बालमानसोपचारतज्ज्ञ काही महिन्यांनी या मुलांना भेटल्या, आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा भेटल्या. त्यांनी तपासलेल्या प्रत्येक मुलात त्या प्रसंगाच्या खुणा शिल्लक होत्या. त्यातली एक खूण त्यांनी बारकाईनं नोंदवली: काही मुलं तोच तो खेळ, त्याच क्रमानं, कंटाळा न येता खेळत राहायची.

तरी अगदी लहान मुलांसाठी वेगळे निकष यायला २०१३ साल उजाडलं. मायकेल शीरिंगा आणि त्यांच्यासारख्या संशोधकांनी तोवर दाखवून दिलं होतं की मोठ्यांचे निकष जसेच्या तसे लावले तर आजारी असलेली लहान मुलं निदानातून निसटतात, कारण त्यातले निम्मे प्रश्न 'तुला काय वाटतं' असे आहेत. त्याच निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी वेगळा विभाग आला, आणि त्यात मूल काय करतं याकडे बघायला सांगितलं गेलं.

खेळाकडे बघा

म्हणून सुरुवात खेळापासून करू या. घरच्या माणसाला सगळ्यात जास्त कळतं ते इथेच.

समजा, पावसाळ्यात डोंगरउतारावरच्या वस्तीत संरक्षक भिंत कोसळली. मुंबईला हे नवीन नाही. जुलै २०१९ मध्ये मालाडला आणि जुलै २०२१ मध्ये चेंबूरच्या भारतनगरात असंच रात्री, लोक झोपेत असताना झालं होतं. अशा वस्तीतून वाचलेली चार वर्षांची मुलगी आता मामाकडे आहे. ती स्वयंपाकघरातले डबे एकावर एक रचते. पाडते. खाली बाहुली दाबून ठेवते. पुन्हा रचते, पुन्हा पाडते. मामी म्हणते, "खेळतेय की छान, रडत तर नाही."

सगळीच मुलं डबे पाडतात, मग फरक कुठे? साध्या खेळात गोष्ट सतत बदलत असते. बाहुलीला लागतं, मग डॉक्टर येतो, मग डॉक्टरच हत्ती होतो, मग सगळे चहा पितात. आघातानंतरच्या खेळात गोष्ट बदलत नाही. तीच सुरुवात, तोच क्रम, तोच शेवट, आणि शेवटी कोणी वाचवायला येत नाही. चेहऱ्यावर खेळाची मजा नसते, एक प्रकारचं काम उरकल्यासारखं असतं. मध्येच थांबवलं तर मूल कमालीचं चिडतं, आणि खेळ संपल्यावर ते मोकळं झालेलं दिसत नाही.

एक गोष्ट पालकांना हमखास फसवते. असं खेळताना मूल घाबरलेलं दिसेलच असं नाही. २०१३ च्या निकषांतही हे स्पष्ट लिहिलं आहे की लहान मुलाला येणाऱ्या त्या आठवणी वरून त्रासदायक दिसतीलच असं नाही, त्या खेळातून पुन्हा वठवल्या जाऊ शकतात. म्हणजे हसत हसत 'आग लागली, आग लागली' खेळणारं मूलही तपासून बघण्याजोगं असू शकतं.

असा खेळ बंद पाडू नये. "काय सारखं मेलं मेलं करतेस, अभद्र बोलू नको" असं म्हटलं की मूल खेळायचं थांबत नाही, आपल्यासमोर खेळायचं थांबतं, आणि मग आपल्याला काहीच दिसत नाही. त्यापेक्षा शेजारी बसावं. काही दिवस नुसतं बघावं. मग एखादी खेळण्यातली गाडी जवळ ठेवून सहज विचारावं, "आता मदतीला कोण येईल गं?" तिनं गाडी घेतली, बाहुलीला बाहेर काढलं, गोष्ट थोडी पुढे सरकली, तर ते चांगलं लक्षण आहे. मुलं खेळता खेळता स्वतःला सावरतातही. पण आठवड्यांमागून आठवडे गोष्ट जागची हलत नसेल, किंवा खेळात मूल स्वतःला किंवा धाकट्या भावंडाला खरंच मारू लागलं असेल, तर तज्ज्ञांना दाखवावं.

चित्रांचं आणि अचानक बोलण्याचंही तसंच. बादलीत पाणी भरताना मूल मध्येच म्हणतं, "बाबा पण पाण्यात गेले." पुढे मागे काही नाही. अशा वेळी विषय बदलायची घाई आपल्याला होते. न बदलता एवढंच म्हणावं, "हो, त्या दिवशी खूप पाणी होतं. तुला भीती वाटली होती." ते आणखी बोललं तर ऐकावं, नाही बोललं तर पाणी भरू द्यावं.

अगदीच तान्हं असेल तर? टेर यांनीच पुढे, पाच वर्षांच्या आत भयंकर प्रसंगातून गेलेल्या २० मुलांचा अभ्यास केला. तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. जेमतेम अडीच-तीन वर्षांच्या आतल्या मुलांना घटना शब्दांत सांगता येत नव्हती, पण त्यांच्या वागण्यात आणि खेळात ती उतरलेली होती. बाळाच्या बाबतीत दूध न घेणं, न थांबणारं रडणं, पूर्वी हसणारं बाळ एकटक बघत राहणं, विशिष्ट माणसानं उचललं की अंग ताठ करणं, अशा गोष्टी बघाव्या लागतात.

मध्येच काय बिनसलं?

पीटीएसडीतली दुसरी मोठी खूण म्हणजे त्या प्रसंगाची आठवण करून देणारी एखादी बारीकशी गोष्ट आणि त्यावर मुलाची न पटण्याइतकी मोठी प्रतिक्रिया. मुंबईत अशा गोष्टींना तोटा नाही. पत्र्यावर पडणारा पाऊस. ॲम्ब्युलन्सचा सायरन. गणपतीतले फटाके आणि ढोल. लोकल फलाटात शिरताना होणारी रेटारेटी. शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी चाललेलं ड्रिलिंग. फोडणी जळल्याचा वास. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कितीतरी मुलं शाळेत, बसमध्ये रात्रभर अडकली. अशा दिवसानंतर पुढच्या जूनमध्ये आभाळ काळं होताच एखादं मूल शाळेचा गणवेश घालायला नकार देत असेल, तर ते नाटक करत नाही.

घरच्यांना हा धागा सापडत नाही, कारण आपण अख्खा प्रसंग शोधतो आणि मुलाला आठवतो तो एक तुकडा. आग विजेच्या बोर्डातून लागली, पण त्या क्षणी मूल ताटातली पिवळी खिचडी खात होतं. आता ते खिचडी भिरकावतं. स्वतः मुलालाही कारण सांगता येत नाही. म्हणून "का असं करतोस?" हा प्रश्न त्याच्यासाठी निरुपयोगी आहे. उपयोगाचा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा: हे होण्याच्या पाच मिनिटं आधी काय झालं? कोणता आवाज, कोणता वास, कोण माणूस, कोणती जागा? एका वहीत आठवडाभर एवढंच लिहून ठेवलं तरी चित्र दिसू लागतं. ती वही पुढे डॉक्टरांनाही फार कामाची ठरते.

शरीरात काय घडतं तेही समजून घेऊ. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो, अमिग्डाला. धोका ओळखून हृदयाची धडधड वाढवायची, श्वास जलद करायचा, पळायला किंवा थिजायला लावायचं, हे त्याचं काम. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग त्याला सांगतो की थांब, हा फटाका आहे, स्फोट नाही. मोठ्या आघातानंतर अमिग्डाला अतिसावध होऊन बसतो. सोसायटीत उभ्या एखाद्या गाडीचा अलार्म जसा मांजरानं उडी मारली तरी बोंबलतो, तसं काहीसं. त्यात लहान मुलाचा मेंदूचा पुढचा भाग मुळात अजून घडतच असतो, तो पुरता तयार व्हायला विशी उलटते. त्यामुळे त्याला आवरणारं आतलं कोणी नसतं. बाहेरचं माणूस, म्हणजे आई, आजी, पाळणाघरातल्या काकू, हेच ते काम करतात. मूल घट्ट चिकटतं ते त्यामुळे.

हट्ट, मस्ती, पोटदुखी

बाकीच्या खुणा ओळखणं कठीण जातं, कारण त्या साध्या बालपणासारख्याच दिसतात. स्वच्छ बोलणारं मूल पुन्हा बोबडं बोलतं. शी-शू सांगणारं मूल अंथरूण ओलं करतं. आई मोरीत गेली तरी दाराबाहेर बसून रडतं. अंधारात झोपत नाही, एकटं जिन्यावर जात नाही, आवडीच्या मुलांत खेळायला जात नाही. हसणं कमी होतं. ज्या आजोबांच्या अंगावर धावत जायचं त्यांच्याजवळही जात नाही. घुम्यासारखं बसून राहतं. पोट दुखतं म्हणून डॉक्टरकडे नेलं तर तपासण्यांत काही निघत नाही, मग जंताचं औषध मिळतं. पोट मात्र खरंच दुखत असतं.

झोपेबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. भयानक स्वप्न पडलं की मूल पूर्ण जागं होतं, आईला ओळखतं, घट्ट धरतं, आणि पुन्हा झोपायला घाबरतं. याउलट रात्री पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळत उठून बसतं, डोळे उघडे, पण कोणाला ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. हा गाढ झोपेतला वेगळा प्रकार आहे आणि तो कुठलाही आघात न झालेल्या मुलांतही दिसतो. लहान मुलांच्या स्वप्नात तो प्रसंग जसाच्या तसा असेलच असं नाही. "मोठा कुत्रा आला" एवढंच ते सांगतील. स्वप्नातल्या कुत्र्याचा पडलेल्या इमारतीशी काही संबंध नाही, असं म्हणून सोडून देऊ नये.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो चिडणाऱ्या मुलांवर. धसका घेतलेलं मूल म्हटलं की आपल्याला कोपऱ्यात बसलेलं, रडवेलं मूल आठवतं. प्रत्यक्षात अनेक मुलं चावतात, मारतात, वस्तू फेकतात, जागेवर बसत नाहीत, बाईंचं ऐकत नाहीत. सतत धोक्याचा कानोसा घेणाऱ्या मुलाचं लक्ष अ-आ-इ-ई कडे कसं लागणार? मग शाळेतून तक्रारी येतात, घरी धपाटे बसतात, आणि कधी कधी अतिचंचलतेचं, म्हणजे एडीएचडीचं, लेबल लागतं. हे दोन्ही एकत्रही असू शकतात, पण एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये: हे आधीपासून होतं, की अमुक दिवसानंतर सुरू झालं? एडीएचडीच्या मुलाचा स्वभाव अमक्या तारखेपासून बदलला असं होत नाही.

आणखी एक, न दिसणारी गोष्ट. चार-पाच वर्षांच्या मुलाला वाटतं की जगातलं सगळं त्याच्यामुळे घडतं. "मी हट्ट केला म्हणून आई खाली गेली आणि गाडी आली." हे ते कोणाला सांगत नाही. त्याला न विचारताच सांगायला हवं, आणि एकदा नव्हे, अनेकदा: "तुझ्यामुळे काही झालं नाही. तू काही चुकीचं केलं नाहीस."

कोणत्या प्रसंगांनी होतं

टीव्हीवर येणाऱ्या दुर्घटनाच फक्त कारण असतात असं मानू नये. गरम वरण अंगावर सांडून भाजलेलं मूल, भटका कुत्रा चावलेलं मूल, आयसीयूत आईवडिलांपासून दूर, हातापायाला नळ्या लावून ठेवलेलं मूल, दुचाकीवरून पडलेलं मूल, या सगळ्यांना होऊ शकतं. लैंगिक अत्याचारानंतर होण्याची शक्यता मोठी असते. आणि घरातली मारहाण. दहा बाय बाराच्या खोलीत बापानं आईला मारलं तर मुलाला दुसऱ्या खोलीत नेण्याची सोयच नसते. मूल पांघरुणाखाली असतं, पण झोपलेलं नसतं. मला सगळ्यात दडलेला प्रकार हाच वाटतो, कारण इथे एक घटना नसते, एक तारीख नसते, आणि ज्या माणसानं लक्षणं ओळखायची तीच आई स्वतः मार खाऊन बसलेली असते. आईला काही झालं तर मूल हादरतं. आपल्या जिवावर बेतलं त्याहून जास्त हादरतं असंही दिसतं.

फक्त टीव्हीवर बघितल्यानं हे निदान होत नाही, असं निकष सांगतात. तरीही दुर्घटनेनंतर घरात दिवसभर बातम्यांचं तेच दृश्य चालू ठेवू नये. लहान मुलाला कळत नाही की ती इमारत एकदाच पडली. पडद्यावर ती दर दहा मिनिटांनी पडत असते.

किती दिवस थांबायचं?

पहिले काही दिवस, अगदी काही आठवडे, यातली बरीच लक्षणं दिसणं साहजिक आहे. हादरलेल्या मुलानं आईला न सोडणं हे आजाराचं नव्हे, शहाणपणाचं लक्षण आहे. लक्षणं एक महिन्याहून जास्त टिकली आणि त्यामुळे मुलाचं घरच्यांशी नातं, मित्रांशी खेळणं किंवा बालवाडीतलं वागणं बिघडलं, तर पीटीएसडीचा विचार होतो. महिना पूर्ण व्हायचीच वाट बघायला हवी असं मात्र नाही. मूल खात-पीत नसेल, अजिबात झोपत नसेल, स्वतःला इजा करत असेल, बोलणंच बंद झालं असेल, तर लगेच दाखवावं. उलटही होतं: सुरुवातीला सगळं ठीक आणि काही महिन्यांनी, घर बदलल्यावर किंवा शाळा सुरू झाल्यावर लक्षणं डोकं वर काढतात.

धीर देणारी गोष्ट अशी की बहुतेक मुलं सावरतात. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात आघातातून गेलेल्या मुलांपैकी सुमारे १६ टक्क्यांना पीटीएसडी झाल्याचं दिसलं. पण ज्यांना होतो त्यांच्यात तो आपोआप विरघळत नाही. उपचार न मिळालेल्या लहान मुलांत तो वर्षानुवर्षं टिकू शकतो.

घरी काय करता येतं

पहिलं काम कंटाळवाणं वाटेल, पण त्याला तोड नाही: दिवसाचा क्रम परत बसवणं. संक्रमण शिबिरात असा, नातेवाइकांकडे असा, जेवणाची वेळ, आंघोळीची वेळ, झोपताना तीच गोष्ट, तीच गोधडी. पुढे काय होणार हे मुलाला कळलं की त्याचं शरीर सैल पडतं.

खरं सांगावं, थोडक्यात सांगावं. बाबा गेले असतील तर "गावाला गेलेत" म्हणू नये. मूल रोज दाराकडे बघतं, आणि एक दिवस शेजारच्या पोराकडून त्याला खरं कळतं. "झोपलेत" म्हणूनही चालणार नाही, मग मूल झोपायला घाबरेल. "बाबांना खूप लागलं होतं. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण त्यांचं शरीर बंद पडलं. ते मेले. ते परत येणार नाहीत. मी तुझ्याजवळ आहे." आपल्याला हे शब्द निष्ठूर वाटतात, पण मुलाला त्यातून पाय ठेवायला जागा मिळते. देवाघरी गेले असं म्हणायची आपली पद्धत आहे, ती सोडायची गरज नाही, पण सोबत शरीराचं खरंही सांगावं. नाही तर काही मुलं "मी पण देवाघरी जाऊन बाबांना आणतो" असं म्हणतात.

भेटायला येणाऱ्यांसमोर मुलाकडून तो प्रसंग वदवून घेऊ नये. "सांग रे मामाला, कसं झालं ते" हे बंद. कॅमेरा घेऊन आलेल्यांसमोर तर नाहीच. मूल स्वतः बोलेल तेव्हा ऐकावं. "पोलीस येऊन पकडून नेतील", "बुवा येईल" अशा धमक्या या काळात पूर्ण टाळाव्यात. भीती घालवायची म्हणून त्याच जागी ओढत नेणंही चुकीचं आहे. दुसरीकडे, टाळतंय म्हणून सगळंच टाळू देणंही बरं नाही. जिन्याची भीती असेल तर आधी लांबून जिना बघायचा, मग दोन पायऱ्या, हात धरून, त्याच्या गतीनं.

आजीनं दृष्ट काढली तर काढू द्या. आजीचा हात डोक्यावरून फिरतो, मुलाला बरं वाटतं. पण "बाहेरचं काही आहे" म्हणून मांत्रिकाकडे नेऊन धूर, मार, उपास असले प्रकार सुरू झाले, तर ते मुलावर दुसरा आघात करतात. तिथे ठाम नाही म्हणावं लागेल.

आणि आईकडे, किंवा जो कोणी मुलाला सांभाळतो त्याच्याकडे, कोण बघतंय? संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट आहे की सांभाळणाऱ्या माणसाची स्वतःची अवस्था वाईट असेल तर मुलाची लक्षणं जास्त टिकतात. यात आईला दोष द्यायचा नाही. तिला रात्री झोप लागत नसेल, ती सतत दचकत असेल, तर तिला उपचार मिळणं हा मुलाच्या उपचाराचाच भाग आहे. "आधी पोराचं बघा, माझं राहू द्या" असं आपल्या बायका म्हणतात. नातेवाइकांनी ते ऐकू नये.

कुठे जायचं, तिथे काय होतं

केईएम, सायन, नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केसपेपर काढून ओपीडीत दाखवता येतं. आधी ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन चिठ्ठी घेतली तरी चालेल. या बाबतीत मुंबईची परंपरा जुनी आहे: देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली इथेच, आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या मूळ संस्थेत सुरू झालं. कोणाशी आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मूल संकटात असेल, घरात मार खात असेल, तर १०९८.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो आणि माहिती असलेल्या माणसाला ती पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवावीच लागते. पालक पुढे येत नाहीत ते पोलीस ठाण्याच्या धास्तीनं, म्हणून हे माहीत असू द्या: कायद्यानुसार मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

उपचार म्हणजे गोळ्या, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. इतक्या लहान मुलांत औषध हा पहिला उपाय नाही. पहिला उपाय असतो बोलण्या-खेळण्याचा, तोही आईला किंवा सांभाळणाऱ्याला सोबत घेऊन. एक पद्धत साधारण तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. तिच्यात मुलाला आधी भावनांना नावं द्यायला आणि शरीर शांत करायला शिकवतात, मग चित्रं, बाहुल्या, छोटी गोष्ट यांतून तो प्रसंग थोडा थोडा सांगू देतात, म्हणजे आठवण आली तरी शरीर पेटून उठत नाही. दुसरी पद्धत त्याहून लहानांसाठीही चालते. तिच्यात आई आणि मूल एकत्र खेळतात आणि तज्ज्ञ त्या दोघांमधला विश्वास परत उभा करायला मदत करतात. सहसा आठवड्याला एक भेट आणि काही महिने, एवढा वेळ धरून चालावं. एका भेटीत सगळं बोलून मोकळं करण्याचा प्रयत्न कोणी करत असेल तर सावध राहा. त्याचा फायदा होतो असं दिसलेलं नाही. मध्ये एखादा आठवडा लक्षणं वाढल्यासारखी वाटतात, तेव्हा अनेक पालक येणं सोडतात. तेव्हाच सोडू नये, तज्ज्ञांना तसं सांगावं.

बालवाडीच्या किंवा शिशुवर्गाच्या बाईंना मात्र पहिल्याच आठवड्यात विश्वासात घ्या. त्यांना सगळा तपशील सांगायची गरज नाही. एवढं पुरे: घरी मोठा प्रसंग घडला आहे, मोठा आवाज झाला तर तो घाबरतो, घाबरला की त्याला ओरडू नका, तुमच्याजवळ बसवा, कोपऱ्यात किंवा वर्गाबाहेर एकटं उभं करू नका, घ्यायला कोण येणार ते त्याला रोज आधी सांगा, आणि फटाके, आग लागल्यावर बाहेर पडायचा सराव, असं काही ठरलं असेल तर आम्हाला आदल्या दिवशी कळवा. शिवाय जुलै असो की नोव्हेंबर, त्या प्रसंगाची तारीख आणि तो मोसम वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच सुमाराला मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर कारण शोधत बसावं लागणार नाही, आणि बाईंनाही आधीच सांगता येईल.